ऊठसूट 'हिटलर' म्हटल्याने कुणाचं मत बदलतं का?

मिताक्षरी:
करवाढ केली, हिटलर. संपावर बंदी घातली, हिटलर. ज्यांना आधीच पटलेलं असतं ते माना डोलावतात आणि ज्याला पटवायचं तो पहिल्या वाक्यालाच कान बंद करतो. ४ जून १९४५ ला चर्चिल रेडिओवरच्या प्रचारभाषणात म्हणाले की समाजवादी सरकारला कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचं गेस्टापो (नाझींचं गुप्त पोलीसदल) उभारावंच लागेल. समोर कोण, तर मजूर पक्षाचे नेते ॲटली! युद्धकाळात चर्चिल यांच्याच सरकारातले उपपंतप्रधान. छळछावण्यांची छायाचित्रं लोकांनी नुकतीच पाहिली होती. खरं गेस्टापो काय असतं हे त्यांना ठाऊक होतं. मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या. पराभवाची कारणं अनेक होती, पण ही तुलना कामी आली नाही हे नक्की.

उत्तररात्र:
अजिबात सहमत नाही. मग बोलायचं कधी? ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर, म्हणजे जर्मनीचा सरकारप्रमुख, झाला, तेव्हा मंत्रिमंडळात त्याच्यासकट नाझी तिघेच. याला आपण आवरू, असं बाकीच्यांना वाटलं. २७ फेब्रुवारीला संसदभवन पेटलं, दुसऱ्या दिवशी नागरी हक्क गुंडाळले, २३ मार्चला संसदेला वगळून कायदे करायचा अधिकार सरकारला मिळाला, १४ जुलैला एकच पक्ष कायदेशीर उरला. सगळं तंतोतंत जुळेपर्यंत थांबायचं म्हणजे तोंड उघडायची सोयच उरायची नाही.

मिताक्षरी:
अहो, मला याच तारखा हव्या आहेत. 'या विधेयकाने संसद बाजूला पडते, २३ मार्च १९३३ ला हेच घडलं' असं म्हणा. समोरच्याला कलम वाचून उत्तर द्यावं लागेल. 'तू हिटलर' म्हटल्यावर तो फक्त चिडतो.

कोरा कागद:
आणि 'गॉडविनचा नियम' तोंडावर फेकून चर्चा बंद पाडणाऱ्यांचं काय? १९९० मधलं अमेरिकी वकील माइक गॉडविन यांचं निरीक्षण एवढंच की इंटरनेटवरची चर्चा लांबत गेली की नाझींशी तुलना होणारच. खुद्द गॉडविन यांनी २०१५ मध्ये लिहिलं होतं की तुलना जरूर करा, पण माहितीनिशी. त्यांच्या नावावर लोक गप्प बसवतात, याचा मला राग येतो.

उत्तररात्र:
मिताक्षरी, नेमकेपणावर तुमचा फारच भरवसा दिसतो. २३ मार्चला सोशल डेमोक्रॅट या समाजवादी पक्षाचे नेते ओटो वेल्स भर सभागृहात, नाझी निमलष्करी टोळ्यांच्या पहाऱ्यात, त्या विधेयकाविरुद्ध बोलले. नेमकं बोलले, धैर्याने बोलले. विरोधात मतं पडली ९४, सगळी त्यांच्याच पक्षाची. कम्युनिस्टांना तर सभागृहात येऊच दिलं नव्हतं.

मिताक्षरी:
वेल्स यांच्याबद्दल आदरच आहे. पण तुलना त्यांनीही केली होती, तीही पक्षात सगळ्यांच्या तोंडी असलेली: एकोणिसाव्या शतकातला चॅन्सेलर बिस्मार्क याच्या समाजवादीविरोधी कायद्याने आपण संपलो नाही, याहीतून नवं बळ मिळेल. बिस्मार्कच्या त्या कायद्याखाली समाजवादी उमेदवार निवडणूक लढवू शकत होते. इथे २२ जूनला पक्षावरच बंदी आली. सवयीची तुलना समोरच्याला पटत नाही एवढंच नाही, ती आपल्याच माणसांना गाफील ठेवते.