डडलीच्या किल्ल्यात प्राणिसंग्रहालय कसं काय आलं?

शांतादुर्गा_फोंडा:
नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ स्विंडनला असतो, गेल्या रविवारी तो पोरांना घेऊन डडलीला गेला, बर्मिंगहॅमच्या जवळ. तिथे टेकडीवर पडका किल्ला आहे आणि त्याच्याच आवारात झू. फोटोत मागे दगडी बुरूज आणि पुढे गेटवर काँक्रीटचं लाटांसारखं छप्पर, बघून मी चक्रावलेच. किल्ला एवढा जुना, मग आत वाघ-अस्वलं कधी आली? आणि परवानगी कशी मिळाली? कोणाला माहिती असेल तर सविस्तर सांगा, पोरं मला व्हिडिओ कॉलवर विचारतायत.

म्हापशेकर:
ताई, मी आर्किटेक्ट, कॉलेजात असल्यापासून ही जागा माझ्या आवडीची, त्यामुळे जरा लांबेल.

किल्ला नॉर्मन काळातला. इंग्लंडच्या यादवीत १६४६ला तो पार्लमेंटच्या सैन्याच्या ताब्यात गेला, पुढच्या वर्षी तटबंदी मुद्दाम पाडली, म्हणजे परत कोणी लढायला वापरू नये. आतला वाडा राहिला होता तो १७५०च्या आगीत गेला. मग जवळजवळ दोनशे वर्षं नुसते अवशेष.

जागा अर्ल ऑफ डडलीची, म्हणजे तिथल्या उमराव घराण्याची. १९३०च्या दशकात ऑक्सफर्डचं झू बंद होणार होतं, तिथले प्राणी इकडे आणले आणि ६ मे १९३७ला हे झू उघडलं. डिझाइन आर्किटेक्ट बर्थोल्ड लुबेटकिन आणि त्याच्या टेक्टन ग्रुपचं, इंजिनीयर ओव्ह अरुप, ज्यांनी पुढे सिडनी ऑपेरा हाऊसचं काम केलं तेच. आता तुमचा परवानगीचा प्रश्न. किल्ला संरक्षित स्मारक होता, म्हणून सरकारी खात्याची नजर होतीच, त्यात टेकडी चुनखडीची आणि पूर्वीच्या खाणींनी आतून पोखरलेली! बांधायचं कुठे आणि पाया कुठे घ्यायचा हाच मोठा प्रश्न. मग त्यांनी उतार सपाट करण्याच्या भानगडीत न पडता उताराचाच उपयोग केला. अस्वलांची घळ बघा, प्रेक्षकांचे सज्जे काँक्रीटचे, अधांतरी पुढे आलेले, खाली अस्वलं. नवं बांधकाम किल्ल्याची नक्कल करत नाही, म्हणूनच दोन्ही वेगवेगळं दिसतं आणि तरी शोभतं, असं मला वाटतं.

अशा १३ इमारती होत्या, १२ उरल्या, पेंग्विनचा तलाव १९७९मध्ये पाडला. बाकीच्या आता स्वतःच वारसा म्हणून संरक्षित आहेत, काहींची ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून डागडुजीही झाली.

रानवाट_वाळपई:
माहिती छान बाब, पण इमारतींचं कौतुक करताना प्राण्यांचं विसरू नका. त्याच झूमध्ये १९७१ ते ७४ कडल्स नावाचा ओर्का व्हेल ठेवला होता, समुद्रापासून एवढ्या दूर, टेकडीवरच्या टाकीत, आणि तिथेच मेला. मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं. सज्जा कितीही देखणा असला तरी तो बघणाऱ्यासाठी, खालच्या अस्वलाला त्याचा काय उपयोग? आपल्या गोव्यातल्या बोंडला झूला गेलो की मी आधी सावली किती आणि पाणी कुठे ते बघतो.

म्हापशेकर:
हे मान्य. त्या काळी प्राणी नीट दिसावा हाच विचार मुख्य होता, आज तसं डिझाइन मीही करणार नाही. इमारती मात्र जपायला हव्यात, प्राणी आत न ठेवताही.

जुनें_गोंय:
राजवाड्यात जनावरं ठेवायची हौस त्याहून जुनी, आणि त्यात आपल्या गोव्याचाही भाग आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फर शाहाने पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्कला गेंडा दिला, त्याने तो जानेवारी १५१५मध्ये गोव्याहून जहाजात चढवून पोर्तुगालच्या राजा मानुएलकडे पाठवला. २० मेला लिस्बनला पोचला, राजवाड्यात ठेवला, जूनमध्ये हत्तीसमोर उभा केला तर हत्तीच पळाला. पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून धाडला आणि १५१६च्या सुरुवातीला इटलीजवळ जहाज बुडालं, साखळ्यांत बांधलेला तो गेंडाही गेला. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, ते प्रत्यक्ष न बघता, नुसत्या वर्णनावरून आणि एका स्केचवरून.

शांतादुर्गा_फोंडा:
सगळ्यांचे मनापासून आभार. कडल्सचं वाचून थांबलेच जरा. भावाला सांगितलंय, परत गेलात तर पोरांना आधी सज्जावर नेऊन खाली बघायला सांग, आणि मग बुरुजावर चढून वरून अख्खं झू दाखव. गेंड्याची गोष्ट आज रात्रीच पोरांना सांगते, गोव्याहून निघालेला म्हटल्यावर दोघंही कान टवकारून ऐकतील.