वर्क फ्रॉम होममध्ये दिवस नक्की जातो कुठे?

बावधनकर:
सध्या जिकडेतिकडे पाच दिवस ऑफिसला या म्हणून मेल सुटतायत आणि कारण एकच, घरी बसून लोक टाइमपास करतात. टीसीएसने २०२० मध्ये सांगितलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच लोकांना ऑफिसात यावं लागेल, आणि तीच कंपनी २०२३ च्या ऑक्टोबरात पाच दिवसांवर आली. बाकीचे पण त्याच वाटेने चाललेत.

माझं म्हणणं असं की घरी वेळ वाया जातो हे खरंय, पण तो वेबसिरीज बघण्यात नाही जात, तो कॉलवर जातो आणि टीम्सचा (ऑफिसच्या चॅट-कॉलच्या ॲपचा) 'हजर' दाखवणारा दिवा हिरवा ठेवण्यात जातो. लॅपटॉपला पाच मिनिटं हात लावला नाही की दिवा पिवळा होतो, मग माणूस डिझाइनचा विचार करत खिडकीपाशी उभा असेल तरी त्याला परत येऊन माउस हलवावासा वाटतो. विचार करणं हे काम म्हणून कुठे दिसतच नाही ना.

आशियातल्या एका मोठ्या आयटी सर्व्हिस कंपनीच्या दहा हजारावर लोकांच्या डेटावरचा एक पेपर २०२१ मध्ये आला होता. लोकांना विचारून नाही, त्यांच्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधून घेतलेले आकडे. घरून काम सुरू झाल्यावर कामाचे तास साधारण ३० टक्क्यांनी वाढले, ऑफिस सुटल्यानंतरच्या वेळेतलं काम वाढलं, आउटपुट मात्र होतं तेवढंच. म्हणजे तासाचा हिशोब केला तर प्रॉडक्टिव्हिटी साधारण २० टक्के खाली. साहेब लोक यातलं 'प्रॉडक्टिव्हिटी पडली' एवढंच सांगतात आणि आपण 'तास वाढले' एवढंच सांगतो, पण दोन्ही एकत्र वाचलं तर कळतं की लोक जास्त वेळ बसून तेवढंच काम करतायत. का, तर मीटिंगा वाढल्या आणि सलग शांत बसून काम करायचा वेळ कमी झाला, हेही त्याच पेपरात आहे. यावर तुमचे अनुभव लिहा, आणि जरा खरे लिहा.

डिलिव्हरीवाला:
धागा चांगला आहे पण अर्धीच बाजू आलीय. तोच पेपर पुढे जर्नलमध्ये छापून आला तेव्हा आउटपुट किंचित कमी झालं असं म्हटलंय आणि घसरण ८ ते १९ टक्के दिलीय. म्हणजे घसरण आहेच.

मी आयटी प्रोजेक्टच्या डिलिव्हरीची मोठी टीम बघतो, सगळे कामचुकार आहेत असं कधीच म्हणणार नाही, उलट चार-पाच जण असे आहेत की कुठेही बसवा काम चोखच. पण बाकीच्यांचं काय होतं ते सांगतो. सकाळी अकरा वाजता प्रॉडक्शनला (म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टिमला) काहीतरी अडकतं, माणूस कॉल उचलत नाही, दीड तासाने मेसेज येतो की नेट गेलं होतं, आणि मागून डीमार्टची अनाउन्समेंट ऐकू येते. तोपर्यंत दुसऱ्या कोणीतरी ते निस्तरलेलं असतं, आणि हा दुसरा कोणीतरी दर वेळी तोच असतो. त्याच्यावर अन्याय होतो त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आणि दोन-दोन नोकऱ्या? २०२२ मध्ये विप्रोने स्पर्धक कंपन्यांचंही काम करणारे ३०० लोक काढले, त्यांचे चेअरमन रिशद प्रेमजी जाहीर बोलले होते. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनभर लोक घालवले, कीबोर्ड चालू असल्याचं नाटक करत होते म्हणून. बावधनकर म्हणतात दिवा हिरवा ठेवायला माउस हलवावा लागतो, बरोबर, पण काही जण त्यासाठी मशीन विकत घेतात हो.

ऑफिसात पण लोक टपरीवर तासभर असतात हा तुमचा पुढचा मुद्दा असणार. असतात. पण त्या टपरीवर कटिंग पिता पिता निम्मे इश्यू सुटतात, हे मी दर आठवड्याला बघतो. घरच्या चहात ते होत नाही.

टेस्टिंगवाली:
दोघांच्याही लिहिण्यात बाई कुठेच नाहीये, म्हणून लिहितेय.

माझ्या वेळेचं काय होतं ते ऐका. दहाच्या स्टँडअपला (रोजच्या छोट्या टीम मीटिंगला) मी म्यूटवर असते कारण मागे कुकर चालू असतो. त्यानंतर पाऊण तास बरा जातो, मग बेल. कधी सिलेंडरवाला, कधी कुरिअर, कधी सोसायटीचा वॉचमन की गुरुवारी पाणी येणार नाही म्हणून सही करा. नवरा पण घरूनच काम करतो, त्याच पगाराच्या बँडमध्ये, पण बेल वाजली की दार कोण उघडणार हे घरात कोणी ठरवलं नव्हतं तरी ठरलेलं आहे. त्याच्या खोलीचं दार बंद असलं की सासूबाई सगळ्यांना सांगतात हळू बोला तो मीटिंगमध्ये आहे. मी डायनिंग टेबलावर. मला कॉल चालू असताना विचारतात भाजी कोणती चिरू.

केंद्र सरकारचा २०२४ चा टाइम यूज सर्व्हे बघा, स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि जे पुरुष करतात ते ८८ मिनिटं. २०१९ ला बायकांची २९९ होती, म्हणजे मधे एवढं मोठं लॉकडाऊन होऊन गेलं, सगळे पुरुष घरात बसून होते, आणि फरक पडला दहा मिनिटांचा.

तर डिलिव्हरीवाले साहेब, दुपारी बारा ते चार माझा दिवा पिवळा दिसत असेल तर मी डीमार्टमध्ये नसते. मुलाला शाळेच्या बसवरून आणून, भरवून, परत येते, आणि तो झोपला की रात्री साडेनऊ ते बारा मी सलग टेस्ट केसेस काढते, दिवसातलं सगळ्यात चांगलं काम तेव्हाच होतं. मायक्रोसॉफ्टनेच मागे दाखवलं होतं की काही लोकांच्या कामाला दिवसात तिसरी उसळी रात्री दहाच्या सुमारास येते, मला त्यात काही नवल वाटलं नाही.

तरी पाच दिवस ऑफिस नको. ते आलं तर मी आणि माझ्यासारख्या कितीतरी नोकरी सोडतील. दोन दिवस मात्र मला स्वतःला ऑफिस हवंय, तिथे कोणी मला दार उघडायला लावत नाही.

ठाणे_स्लो_लोकल:
टेस्टिंगवाली ताई +१००. दार बंद करण्यावरून आठवलं. वर्क फ्रॉम होमच्या बाजूने सगळे जो चीनच्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीतला प्रयोग सांगतात ना, अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि मंडळींचा, कॉल सेंटरमध्ये घरून काम करणाऱ्यांचा परफॉर्मन्स १३ टक्क्यांनी वाढला तो, त्यात भाग घ्यायला घरी स्वतंत्र खोली आणि ब्रॉडबँड असणं ही अटच होती. शिवाय ज्यांना हवंय त्यांनीच नाव दिलं होतं. आणि त्या १३ मधले साधारण ९ टक्के कसले, तर ब्रेक आणि आजारपणाच्या सुट्ट्या कमी झाल्या, लोक जास्त वेळ लाइनवर बसले. प्रयोग संपल्यावर निवड दिली तर घरून काम करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे परत ऑफिसात गेले, एकटेपणा हे मोठं कारण.

आता सांगा डोंबिवलीच्या वन बीएचकेत चौघं राहतात तिथे स्वतंत्र खोली कुठून आणायची? मी बँकेच्या बॅक ऑफिसला आहे, लॉकडाऊनमध्ये बाल्कनीला पडदा लावून काम केलं, पावसाळ्यात लॅपटॉपवर प्लास्टिक. माझा वेळ कुठे जायचा? जागा शोधण्यात. बाबांची बातम्यांची वेळ, बहिणीचं ऑनलाइन कॉलेज, माझा कॉल. मला गर्दीची लोकल चालते पण ते नको.

कऱ्हाडचा_कोडर:
ठाणेकर तुमचा त्रास समजतो पण तो मुंबईच्या घरांचा प्रश्न झाला राव, वर्क फ्रॉम होमचा नाही. मी कऱ्हाडला आईवडिलांकडे राहून काम करतो, वरची अख्खी खोली माझी, लाइट गेली तर इन्व्हर्टर, नेट गेलं तर मोबाइलचं. पुण्यात असताना भाडं, मेस, पेट्रोल आणि भूमकर चौकातलं ट्रॅफिक यातच पगार आणि जीव दोन्ही जात होतं.

वेळेचाच हिशोब करायचा तर हा घ्या. २७ देशांची एक पाहणी २०२३ मध्ये आली, तेच ब्लूम त्यात आहेत, घरून काम केलं की प्रवासाची रोज सरासरी ७२ मिनिटं वाचतात आणि भारतात ९९ मिनिटं, त्या २७ मध्ये वरच्या तीन-चार देशात आपण. आणि वाचलेल्या वेळाचं लोक काय करतात? सगळ्या देशांची सरासरी बघितली तर ४० टक्के परत कामातच घालतात, ३४ टक्के आराम, ११ टक्के घरच्यांची काळजी. म्हणजे वाचलेल्या वेळातला सगळ्यात मोठा वाटा कंपनीलाच फुकट मिळतो आणि वर आपण कामचुकार. माझे वडील डायलिसिसला जातात, मी त्यांना सोडून येतो, आणायला जातो, आणि एकही डेडलाइन चुकलेली नाही. हे वेळ चोरणं आहे का? मला हे मनापासून विचारायचंय.

डिलिव्हरीवाला:
कोडर, वडिलांसाठी करता त्याला कोणी नाव ठेवणार नाही, माझ्या टीममधला असतात तर मीच म्हटलं असतं निवांत जा. पण तुम्ही दिलेला आकडा लोकांना विचारून काढलेला आहे. वाचलेला वेळ कुठे घालवता असं विचारल्यावर कोण सांगेल की मी झोपतो? २०२२ च्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हेत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले आम्ही मस्त प्रॉडक्टिव्ह आहोत, आणि आपली टीम नीट काम करतेय याची पूर्ण खात्री असलेले बॉस होते १२ टक्के. आम्ही सगळे संशयखोर आणि तिकडे सगळे प्रामाणिक, असं तर नसेल ना? मधे कुठेतरी खरं आहे.

बावधनकर:
बॉसलाच विचारून काढलेला आकडा तरी कशावरून खरा? २०२४ मध्ये नेचरमध्ये आलेला प्रयोग बघा, त्याच चिनी कंपनीचा, १६१२ जण, काहींना आठवड्यात दोन दिवस घरून. दोन वर्षांच्या रिव्ह्यूत कामात फरक दिसला नाही आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी झाले. आणि मजेची गोष्ट म्हणजे प्रयोगाआधी तिथल्या मॅनेजर लोकांना वाटत होतं यामुळे प्रॉडक्टिव्हिटी घसरेल, नंतर त्यांचंच मत बदललं. खात्री नसणं आणि काम न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२१_बॅच:
मी २०२१ ला जॉइन झालो, कुरिअरने लॅपटॉप आला, टीमला प्रत्यक्ष बघितलं दीड वर्षाने. फ्रेशरचा वेळ कुठे जातो ते सांगतो कारण सगळे सीनियर लिहितायत.

वाट बघण्यात जातो. एखादी गोष्ट अडली की सीनियरला 'हाय' पाठवायचं, मग तो बिझी दाखवतोय की खरंच बिझी आहे ते कळत नाही, मग 'दोन मिनिटं कॉल करू का' असं टाइप करून खोडायचं, कारण सकाळीच एकदा विचारलेलं असतं. त्यात जेवणाची वेळ होते. तेवढ्या वेळात मी स्वतः शोधायचा प्रयत्न करतो, चुकीच्या रस्त्याने लांब जातो, संध्याकाळी कळतं की एक व्हीपीएनचं सेटिंग होतं. माझा दिवा दिवसभर हिरवा होता बरं का. ऑफिस सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात जेवढं शिकलो तेवढं आधीच्या अख्ख्या वर्षात नव्हतो शिकलो, नुसतं मागे बसून सीनियर एरर कसा वाचतो ते बघून. म्हणून मी तीन दिवस ऑफिसच्या बाजूने, पण त्या तीन दिवशी सीनियर पण यायला पाहिजेत, आम्ही एकटेच येऊन हेडफोन लावून कॉल घेत बसतो त्याला काही अर्थ नाही.

डिलिव्हरीवाला:
हेच म्हणतोय मी. याचं वर्ष कोण भरून देणार?

कऱ्हाडचा_कोडर:
त्याचं वर्ष सीनियरने रोज अर्धा तास स्क्रीन शेअर करून पण भरून निघालं असतं. पण त्या अर्ध्या तासाला टाइमशीटमध्ये कोड नाही, बिलेबल नाही (क्लायंटला बिल लावता येत नाही), म्हणून कोणी देत नाही. हा घराचा दोष नाही.

आणि आता मूळ दुखणं सांगतो. पाच दिवस ऑफिस आलं म्हणून रात्रीचे कॉल बंद झाले का? क्लायंट अमेरिकेत, त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ साडेसहा-सात. माझे हिंजवडीतले मित्र सकाळी नऊला ऑफिसात हजेरीचं कार्ड स्वाइप करतात, सहाला निघतात, ट्रॅफिकमध्ये फोनवरून स्टेटस कॉल ऐकतात आणि घरी पोचून परत लॅपटॉप उघडतात. म्हणजे ऑफिसचे नऊ तास वेगळे आणि घरून काम वेगळं. हे घरून काम चालतं का कंपनीला? तिथे मात्र कोणी म्हणत नाही की घरी टाइमपास होतो.

टेस्टिंगवाली:
अगदी. सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक आणलं होतं, कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क असावा म्हणून. पुढे गेलं नाही. पोर्तुगालने २०२१ मध्ये कायदाच केला, वेळेनंतर कर्मचाऱ्याला संपर्क करायचा नाही. आपल्याकडे याच्यावर बोललं की नारायण मूर्तींचे आठवड्याला ७० तास समोर येतात. त्या ७० तासांत घरी स्वयंपाक कोण करतं हे कोणी विचारत नाही.

डिलिव्हरीवाला:
रात्रीच्या कॉलचा मुद्दा मला मान्य आहे, मी पण तेच कॉल घेतो, माझी मुलगी झोपलेलीच बघतो मी. पण क्लायंटचं घड्याळ माझ्या हातात नाही. माझ्या हातात आहे ते करीन, सकाळच्या रोजच्या स्टेटस कॉलला सगळ्यांना बसवायची गरज नाही हे या धाग्यावरून पटलं, सोमवारपासून ज्याचं काम अडलंय तोच येईल. ऑफिसात येऊन स्वाइप करण्याबद्दल मात्र मत बदललं नाही, नवीन मुलं टीममध्ये आहेत तोवर तीन दिवस सगळ्यांनी यायचं.

कऱ्हाडचा_कोडर:
तीन दिवस म्हणजे मला पुण्यात खोली घ्यावी लागेल आणि डायलिसिस आठवड्यातून तीन वेळा असतं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी का? ज्याच्याकडे फ्रेशर दिलाय त्यानेच यावं, बाकीच्यांचं आउटपुट बघा.

२१_बॅच:
माझी एक विनंती, फ्रेशर कोणाकडे दिलाय ते नाव निदान जॉइन झाल्या दिवशी मेलमध्ये लिहून द्या. मला कोणाकडे दिलंय हेच मला कधी कळलं नव्हतं.