ओपनिंगच्या प्रॅक्टिससाठी चेसबेस घ्यावं का फुकटातलं चालेल?

अर्धवट_घोडा:
मंडळी एक सल्ला हवाय. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीला मामाकडे बुद्धिबळ शिकलो, मग वीस वर्षं पटाला हात लावला नाही, लॉकडाऊनमध्ये परत किडा चावला तो अजून सुटला नाहीये. लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर रॅपिडला (कमी वेळाच्या डावांत) रेटिंग १५०० च्या आसपास लटकलंय. ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, ठरलेल्या आहेत: पांढऱ्याने लंडन, काळ्याने कारो-कान. पण प्रॉब्लेम असा की व्हिडिओ बघताना सगळं कळतं आणि खेळताना सहाव्या चालीला डोकं कोरं.
ऑफिसातला एक जण म्हणतो चेसबेस हे विकतचं सॉफ्टवेअर आणि त्याबरोबरचा खेळलेल्या डावांचा मेगा डेटाबेस घेऊन टाक, ग्रँडमास्टर तेच वापरतात. किंमत बघितली आणि घरी विषय काढायची हिंमत झाली नाही. लॅपटॉप जुना आहे, विंडोज, ८ जीबी. स्पर्धा वगैरे खेळायच्या नाहीत, फारतर सोसायटीच्या गणपतीतली. काय घेऊ?

तिरका_उंट:
सोसायटीच्या गणपतीसाठी मेगा डेटाबेस म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणायला टेम्पो ठरवणं झालं राव.
तुझं खातं लीचेसवर आहेच ना, मग आधी तिथला ओपनिंग एक्सप्लोरर, म्हणजे कुठल्या चालीनंतर लोक काय खेळले ते दाखवतो तो, नीट उघडून बघ. त्यात तीन टॅब आहेत. मास्टर्समध्ये २२०० रेटिंगच्या वरच्या लोकांचे समोरासमोर खेळलेले डाव, १९५२ पासूनचे. दुसऱ्यात साइटवरच्या आपल्यासारख्यांचे, तिथे रेटिंगचा फिल्टर लागतो. आणि तिसऱ्यात स्वतःचं नाव टाकलं की स्वतःचेच डाव, कुठल्या चालीनंतर किती हरलो ते सगळं उघडं पडतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा लाज वाटली होती.
कारो-कानमध्ये त्याने प्यादं इ४ ला, आपण सी६ ला ढकललं की आपल्या लेव्हलला कितीतरी लोक उंट सी४ ला आणून ठेवतात. मास्टर्सच्या टॅबमध्ये ती चाल शोधावी लागते. उत्तर सोपंय, डी५ करायचं, त्याने मारलं की सी-प्याद्याने परत मारायचं, उंटाला पळावं लागतं आणि मधली जागा आपली. पण नुसता मास्टर्सचा डेटाबेस घेऊन बसलास तर हे तुझ्यासमोर येणारच नाही, तू बसशील कार्लसनने पंधराव्या चालीला काय केलं ते पाठ करत.

जुना_खेळाडू_५८:
ब्राउझरमधलं ठीक आहे पण नेट गेलं की हात चोळत बसा. मी बरीच वर्षं स्किड व्हर्सेस पीसी हे डावांच्या डेटाबेसचं सॉफ्टवेअर वापरतोय, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर सुद्धा लाखो डाव पटकन शोधतं. दर आठवड्याला द वीक इन चेस या साइटवरून नव्या डावांची पीजीएन फाइल (चाली लिहिलेली) उतरवायची आणि त्यात ओतायची. मार्क क्राउदर हे काम १९९४ पासून करतोय, तेही फुकट, या माणसाचं कौतुक करावं तेवढं कमी. चाली तपासायला इंजिन म्हणून स्टॉकफिश जोडायचं, तेही फुकट. दिसायला मात्र स्किड म्हणजे जुन्या बँकेतल्या कॉम्प्युटरसारखं आहे, दहा खिडक्या उघडतात आणि कुठली कशासाठी ते कळायला आठवडा जातो. पण एकदा हात बसला की सोडवत नाही.

रविवार_स्पर्धा:
चेसबेस वापरणारा मीच एकटा दिसतोय इथे. उगाच नावं ठेवू नका. रेटेड स्पर्धेत रात्री पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार ते) लागली की समोरच्याचं नाव टाकायचं आणि तो काळ्याने काय खेळतो ते दोन मिनिटांत समोर, यासाठी पैसे वसूल आहेत. पण ज्याला स्पर्धाच खेळायची नाही त्याने घेऊ नये, हेही खरं. आणि एक, ते विंडोजवरच चालतं, मॅकवाल्यांनी आधी बघून घ्या. माझ्या भावाने घेतलं आणि मग कळलं.

अर्धवट_घोडा:
धन्यवाद सगळ्यांना. पण माझा मूळ त्रास विसरण्याचा आहे, डाव शोधून मिळाले तरी डोक्यात कसे राहणार?

तिरका_उंट:
हा प्रश्न आधी विचारायला हवा होतास. डेटाबेस म्हणजे कपाट, पाठांतर तो करून देत नाही. त्यासाठी लीचेसवर स्टडी, म्हणजे आपल्या चालींची वही, बनव, प्रायव्हेट ठेव, एका स्टडीत ६४ चॅप्टर बसतात, तुला आठ पुरतील. चॅप्टर इंटरॅक्टिव्ह लेसन करून ठेवला की तो तुलाच चाल विचारतो. किंवा एन क्रोइसाँ म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात स्वतःच्या ओपनिंग भरल्या की चुकलेली चाल थोड्या दिवसांनी परत पुढ्यात टाकतं.
आणि चाल भरताना एका ओळीत कारण लिही. कारो-कानमध्ये त्याने प्यादं इ५ ला ढकललं, आपण उंट एफ५ ला काढला, मग तो एच४ करतो. इथे सवयीने इ६ केलंस की जी४ येतं आणि उंट अडकला, जाईल तिथे प्यादी मागे लागतात, फारतर एक प्यादं खाऊन मरतो. म्हणून इथे आधी एच५. 'उंटाची परतीची वाट' एवढं लिहिलंस तरी जन्मात विसरणार नाहीस.

अर्धवट_घोडा:
अरे देवा. आत्ता तिसऱ्या टॅबमध्ये नाव टाकून बघितलं. बरोबर हाच उंट मी या वर्षात ११ वेळा दिलाय 😅

जुना_खेळाडू_५८:
अकराच?