'सेटलमेंट'ला मराठीत काय लिहावं? 'तडजोड' खटकतेय

रानवाटा:
'एरिन ब्रोकोविच' (२०००) या सिनेमाची मराठी उपशीर्षकं करतेय आणि शेवटाकडे येऊन अडकलेय. कॅलिफोर्नियातल्या हिंक्ली गावाच्या भूजलात क्रोमियम मुरलं, सहाशेहून जास्त रहिवाशांनी बलाढ्य गॅस-वीज कंपनीवर दावा लावला आणि १९९६ मध्ये कंपनीला ३३ कोटी ३० लाख डॉलर मोजावे लागले. मी लिहिलं, 'कंपनीने तडजोड केली.' कच्ची प्रत बघून भाऊ म्हणाला, "म्हणजे शेवटी गावकऱ्यांनी पडतं घेतलं?" एका शब्दाने सगळ्या लढाईवर पाणी पडलं. दुसरा शब्द सुचवा. ओळीत पाच-सहा शब्दच मावतात.

काळीशाई:
तडजोडच. माझी सगळी नोकरी दिवाणी कोर्टात गेली. पक्षकार मिटवायला तयार झाले की 'तडजोड पुरसिस', म्हणजे मिटवल्याचं लेखी निवेदन, दाखल होते, राजीखुशीने सही केलीत ना, असं न्यायाधीश विचारतात आणि त्याप्रमाणे हुकूमनामा होतो. त्यात कुणी पडतं घेतलं असं कोर्ट मानत नाही. लोकअदालतीतही 'तडजोडपात्र' हाच शब्द चालतो.

आडवळण:
काका, कोर्टातला अर्थ कोर्टात. घरात तडजोड कोण करतं? ज्याचं काही चालत नाही तो. माझी आई नोकरी सोडली तेव्हाचं सांगताना हाच शब्द वापरते, आणि तो उच्चारताना तिचा आवाज उतरतो. 'तत्त्वांशी तडजोड' म्हणजे तर शिवीच. सरळ 'कंपनी नमली' लिहा.

काळीशाई:
'नमली' खोटं होईल. पैसे देऊन मिटवणारा प्रतिवादी बहुधा दोष कबूल करत नाही. दोष कपाळी लागू नये म्हणूनच तो पैसे मोजतो.

मुळाक्षर:
'समेट' हा आपला जुना, चांगला शब्द कुणालाच कसा आठवला नाही? 'तोडगा'ही आहे.

आडवळण:
समेट रुसलेल्या भावांचा होतो, त्यात मनं जुळणं आलं. ज्यांच्या विहिरीत विष उतरलं त्यांनी कंपनीशी समेट करायचा? आणि तोडगा प्रश्नावर निघतो. काहींच्या घरी अजून ग्रहपीडेवरही काढतात.

झरोका:
'मांडवली' का नको? मोजून पैसे, व्यवहार संपला. मूळ 'मांडणे'च असणार, हिशेब मांडणे.

मुळाक्षर:
मूळ काहीही असो, त्याला खंडणीचा वास आहे. वकिलांच्या तोंडी तो घातलात तर बघणाऱ्याला गुंडांची टोळीच दिसेल. शब्दाला वास चिकटला की धुतल्याने जात नाही.

झरोका:
मग 'सेटलमेंट'च ठेवा. कुणाला कळत नाही? दावा, वकील, हुकूमनामा हे सगळे अरबी-फारसीतून आलेले. 'अशील' तर अरबी 'असील', म्हणजे मूळ धनी, ज्याच्या वतीने वकील बोलतो तो. त्यांना घरात घेतलं आणि सेटलमेंटला उंबऱ्याबाहेर उभं करायचं, हा कुठला न्याय?

मुळाक्षर:
ते शब्द शतकांच्या वापराने आपले झाले, त्यांना मराठी प्रत्यय लागले, म्हणी झाल्या. आळसाने उचललेला शब्द आणि रुळलेला शब्द यांत फरक आहे.

रानवाटा:
तसं असेल तर 'हेक्झाव्हॅलंट क्रोमियम'चं काय करू? 'षट्संयुजी क्रोमियम' लिहिलंय.

झरोका:
ते वाचेपर्यंत दृश्य बदललेलं असेल. नुसतं 'क्रोमियम' लिहा.

आडवळण:
अजिबात नको! सगळी फसवणूक तिथेच तर आहे. गॅसच्या पाइपलाइनवरच्या केंद्रात, शीतक मनोऱ्यांत गंज धरू नये म्हणून ते रसायन वापरलं आणि १९५२ ते १९६६ पर्यंत सांडपाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं. लोकांना मात्र क्रोमियम प्रकृतीला चांगलं असं सांगितलं. शरीराला लागतं असं म्हणतात ते त्रिसंयुजी, पाण्यात होतं ते षट्संयुजी. विशेषण गाळलंत तर कंपनीने केलं तेच तुम्ही कराल. फार तर 'विषारी क्रोमियम' म्हणा.

रानवाटा:
हे पटलं. पाण्याचा प्रसंग आठवला. वाटाघाटीला आलेल्या कंपनीच्या वकीलबाई पेला उचलतात, एरिन सांगते की हे पाणी खास हिंक्लीच्या विहिरीतून मागवलंय, आणि पेला न पिता परत टेबलावर जातो. तिथे मी 'बोलणी' लिहिलंय. पण शेवटच्या ओळीचं अजून ठरत नाही.

काळीशाई:
एक मुद्दा सगळ्यांचाच सुटलाय. ज्युरीपुढे जायचं तर अपिलांत वर्षं गेली असती, म्हणून रहिवाशांची संमती घेऊन प्रकरण बंधनकारक लवादाकडे नेलं होतं, म्हणजे ज्युरी नाही, अपील नाही, निवाडा मानायचाच. गावच्या सभेत लोक चिडून उठतात ते त्यावरूनच. तेव्हा 'लवादात मिटलं' असं लिहा.

मुळाक्षर:
'लवादात' चूक, 'लवादापुढे' हवं. लवाद म्हणजे निवाडा देणारा माणूस.

काळीशाई:
प्रक्रियेलाही लवाद म्हणतात. 'प्रकरण लवादात आहे' हे मी हजारदा लिहिलंय.

मुळाक्षर:
लिहिलं असेल, पण मग माणसाला काय म्हणणार?

झरोका:
पंच. आणि लवादाचं 'वादा'शी नातं असणारच.

मुळाक्षर:
असणारच म्हणजे? नुसता शेवट जुळला म्हणून? मग 'प्रसाद'ही 'साद घालण्या'पासून आला म्हणा. आणि पंच निवडताना दोन्ही बाजूंचा विश्वास लागतो. लवाद कायद्यानेही नेमला जातो. दोन्ही एक कसे?

काळीशाई:
आमच्या दप्तरात तरी दोन्हींच्या कागदाला 'निवाडा'च म्हणत.