नववी गुंडाळायची, निकाल शंभर टक्के लावायचा. आणि अकरावीचं काय?

जुना मास्तर
बारा वर्षं ग्रामीण अनुदानित शाळेत मुख्याध्यापक होतो, आता निवृत्त. एक गोष्ट कबूल करतो. दरवर्षी जानेवारी उजाडला की नववीचा उरलेला पोर्शन गुंडाळायचा आणि फेब्रुवारीपासून दहावी सुरू करायची. मे महिन्यात जादा तास. निकाल लागला की गावच्या कमानीला बॅनर. त्यातलीच विज्ञानाला गेलेली पोरं दिवाळीत भेटली की नजर चुकवायची.

2017 साली आलेलं नववीचं पुस्तक काढून बघा. गतीचे नियम, मोल, संच, त्रिकोणमितीची ओळख, सगळं तिथे आहे. गतीचे नियम आणि मोल दहावीत पुन्हा येतच नाहीत, अकरावीत मात्र ते पोरांना येतात असं धरूनच सुरुवात होते. निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती ही नववीच्या गणित भाग दोनमधली सातवी-आठवी प्रकरणं, म्हणजे नेमकी जानेवारीत कापली जाणारी. पहिली प्रकरणं जूनमध्ये शिकवून होतात, पण उदाहरणं कोण सोडवून घेतं?

माझं मत: नववी एप्रिलपर्यंत नववीच शिकवावी. निकाल दोन-चार टक्क्यांनी घसरला तर घसरू द्यावा.

खुर्चीत बसलेला
सर, निवृत्तीनंतर हे लिहिणं सोपं आहे, मी अजून मुख्याध्यापकाच्या खुर्चीत आहे. निकाल घसरला की पट घसरतो, पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, एक शिक्षक अतिरिक्त. शेजारच्या गावातल्या सेमी-इंग्रजी शाळेची बस आमच्या फाटकासमोर थांबते, रोज सकाळी बघतो.

2019 आठवतंय? भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी-अंतर्गत 20 गुण काढले आणि राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 वर आला. कारण पेपरात छापून आलं होतं, तरी संस्थाचालकांनी मला उभं करून विचारलं. पुढच्या वर्षी गुण परत आले, राज्याचा निकाल 95.30. मधल्या वर्षाचा डाग मात्र आमच्याच माथी.

आणि दहावीला माझी 62 मुलं. विज्ञानाला जातात फार तर दहा. बाकीची कला, आयटीआय, पॉलिटेक्निक. डिप्लोमाची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवरच लागते. 2025 पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन, तेही गुणांवरच. दहा जणांसाठी बावन्न जणांचे गुण पणाला लावू?

प्रॅक्टिकलवाला
ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. पहिल्या आठवड्यात साइन 30 विचारतो. दहावीला विज्ञानात नव्वदीपार गेलेली पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. बलाचे घटक कसे पाडायचे ते शिकवण्याआधी माझे तीन आठवडे नववीच्या गणितात जातात.

पण आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळाचे? अर्धा वर्ग नावाला आमच्याकडे आणि दिवसभर खासगी क्लासमध्ये. 2018 मध्ये बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला, तो कसा पाळला गेला ते विचारू नका. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे सीईटीत, अकरावीला 20 टक्के भार आणि बारावीला 80, म्हणून अकरावी हे सुट्टीचं वर्ष. तुमच्याकडे नववी बुडते, आमच्याकडे अकरावी. पोरगं एक वर्षाआड शिकतं.

दहावीची आई
तुम्ही सगळे पोर्शनवर बोलताय. माझ्या मुलीला नववीत गणितात कमी पडले, तर शाळेने बोलावून सांगितलं, "ताई, दाखला काढून घ्या, 17 नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा." शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. माझी मुलगी त्या शंभरात नव्हती. जुने मास्तर, हे तुमच्याही शाळेत होत होतं का?

जुना मास्तर
होत होतं, ताई. मी स्वतः दोन पालकांना तसं सांगितलंय. त्यातला एक मुलगा पुढे परीक्षेलाच बसला नाही.

खुर्चीत बसलेला
ताई, हे चूकच. माझ्या शाळेत मी ते बंद केलंय. पण ते बंद केल्यावर निकाल 91 वर आला आणि तालुक्याच्या सभेत टाळ्या दुसऱ्याच शाळेला मिळाल्या, हेही लिहून ठेवतो.

मराठी माध्यम, 2021
मी बुडालो तो गणितामुळे नाही. शाळेत संवेग आणि त्वरण शिकलो. अकरावीत सर मोमेंटम, ॲक्सिलरेशन म्हणत सुटले. मोमेंटम म्हणजे आपला संवेगच हे कळायला मला ऑक्टोबर उजाडला. नववीत प्रत्येक संज्ञेशेजारी इंग्रजी शब्द वहीत लिहून घेतला असता तरी पुरलं असतं. त्याला जादा तास लागत नाहीत आणि निकालही घसरत नाही.

प्रॅक्टिकलवाला
हे शंभर टक्के खरं. वर्गात हात वर न करणाऱ्यांपैकी निम्म्यांना उत्तर माहीत असतं, प्रश्न समजलेला नसतो.

खुर्चीत बसलेला
शब्दांचं सोमवारपासून सुरू करतो. पण नववी एप्रिलपर्यंत चालवायची हे संस्थाचालकांना कसं सांगायचं, ते सांगा सर. तुम्ही कसं सांगितलं असतं?

जुना मास्तर
बारा वर्षांत माझी हिंमत झाली नाही. पण तुमचं गाव माझ्यापासून तासाभरावर असेल तर शनिवारी सकाळच्या शाळेत येतो. नववीच्या त्रिकोणमितीचे सहा-सात तास घेतो. मानधन नको, खडू तेवढा चांगला ठेवा.

खुर्चीत बसलेला
या सर. फक्त या शनिवारी नको, निम्मे शिक्षक मतदार यादीच्या कामाला आहेत आणि दोन्ही वर्ग एकत्र बसवावे लागतील. पुढच्या शनिवारी या.