दोन भाषांतील डिजिटल गोष्टी: मुलगी एकच भाषा वाचते, काय करावे?

प्रश्न

माझी सात वर्षांची मुलगी ज्या भाषेत शिकते ती तिच्या आजीला येत नाही, आणि आजीची मराठी मुलीला बोलता येत असली तरी वाचताना ती अडखळते. दोघींनी एकत्र वाचावे म्हणून मी टॅबलेटवर दोन भाषांतील चित्रगोष्टी लावून देते. एकाच पानावर दोन्ही भाषा असल्या की मुलगी शाळेच्या भाषेतल्या ओळी भरभर वाचून पान उलटते आणि मराठीकडे ढुंकूनही पाहत नाही; आवाज सुरू केला, तर दोघीही ऐकत बसतात आणि वाचत कोणीच नाही. ही पुस्तके घरातल्या वाचनासाठी नेमकी कशी वापरावीत?

उत्तर १

सोपा मजकूर शेजारी असताना मूल अवघड मजकुराकडे वळणार नाही, हे साहजिकच आहे. म्हणून भाषा वेगळ्या कराव्यात. मुलांची पुस्तके काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळावर अनेक गोष्टींच्या निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्या स्वतंत्रपणे उघडता येतात. आधी शाळेच्या भाषेत गोष्ट वाचून झाली, की दोन-तीन दिवसांनी तीच आजीबरोबर मराठीत घ्यावी. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे मुलीचे सगळे लक्ष अक्षरांकडे राहते. तिथे वाचनाच्या चार पातळ्या आहेत आणि पहिल्या पातळीतली गोष्ट २५० शब्दांच्या आत संपते. शाळेच्या भाषेत तिसऱ्या पातळीवर असलेल्या मुलीला मराठीत पहिलीपासून सुरुवात करावी लागली, तर त्यात कमीपणा मानू नये.

उत्तर २

आवाजाबद्दल थोडेसे. बोलला जाणारा शब्द रंगाने उठून दिसेल अशी सोय असेल तर पहिल्या वाचनाला आवाज असू द्यावा, दुसऱ्या वाचनाला मात्र तो बंदच ठेवावा. त्याहून महत्त्वाचे आहे ते मध्येच थांबून बोलणे. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पालकांना चित्रपुस्तक वाचताना मुलांना मोकळे प्रश्न विचारायला आणि त्यांच्या उत्तरात भर घालायला शिकवले होते, आणि महिनाभरात ती मुले बोलून व्यक्त होण्याच्या चाचण्यांत इतरांच्या पुढे गेली. ती मुले दोन-तीन वर्षांची होती, हे खरे. पण पान शाळेच्या भाषेत असतानाही आजी चित्रावर बोट ठेवून मराठीत प्रश्न विचारू शकतात, हा मुद्दा सात वर्षांच्या मुलीलाही लागू पडतो.

उत्तर ३

वरील दोघांशी मी सहमत आहे, मात्र अनुवाद आधी स्वतः वाचून पाहावा. आमच्या घरी एका गोष्टीच्या चित्रात लांडगा होता आणि मराठी मजकुरात ‘कोल्हा’. सासूबाईंनी चष्मा सावरून सांगितले, ‘‘हा कोल्हा नव्हे, कोल्ह्याची शेपटी झुपकेदार असते,’’ आणि त्या एका पानावर नातवाशी त्यांची दहा मिनिटे चर्चा रंगली. ही चूक फायद्याची ठरली. शब्दाला शब्द ठेवून केलेली वाक्ये मात्र मोठ्याने वाचताना जीभ अडवतात, आणि नवशिक्या वाचकाला वाटते की चूक आपलीच आहे. स्टोरीवीव्हरवरील बहुतेक गोष्टींना क्रिएटिव्ह कॉमन्सचा खुला परवाना असल्यामुळे मूळ लेखक, चित्रकार आणि अनुवादकाचा उल्लेख ठेवून मजकूर सुधारता येतो, तसेच पाने छापूनही घेता येतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. आठवडाभर भाषा वेगळ्या ठेवून पाहिल्या. आमची खरी अडचण भलतीच निघाली: सासूबाई ओळीखाली बोट धरून वाचतात, आणि बोट पडद्याला टेकले की पान उलटते, म्हणून त्या हात मांडीवर ठेवून नुसते ऐकत बसत असत. आता त्या लाकडी पेन्सिलीचे मागचे टोक ओळीवरून फिरवतात; त्याने पान हलत नाही. मुलगी ती पेन्सिल आपल्याकडे मागू लागली आहे आणि मराठी गोष्टीची पहिली दोन पाने स्वतः वाचते, तिसऱ्या पानावर जोडाक्षरे आली की पेन्सिल पुन्हा आजीच्या हातात देते. पुढच्या काही गोष्टी छापूनच घेणार आहे.