तुंब्याची पूड आणि बाबांची शुगर: तातडीने मदत हवी आहे

पाऊलवाट: बाबा दोन महिने जोधपूरला ताईकडे होते. येताना शेजाऱ्यांनी दिलेली तुंब्याची पूड घेऊन आलेत. रोज सकाळी अनशापोटी एक चमचा. परवापासून पोटात पीळ पडतोय, जुलाब होतायत, पण सोडायला तयार नाहीत, कारण उपाशीपोटीची शुगर १७० वरून ११० वर आली. किती प्रमाण सुरक्षित आहे? लवकर सांगा.

गवतीचहा: वय काय? मधुमेहाच्या गोळ्या कोणत्या? चमचा चहाचा की पोह्याचा? जुलाब दिवसाला किती?

मारवाडी_वारा: मी बाडमेरला नोकरीला होतो. तुंबा म्हणजे इंद्रायण, आपलं कडू वृंदावन. पावसानंतर वाळूत वेल पसरतात, चेंडूएवढी पट्ट्यापट्ट्यांची फळं. तिथली म्हातारी माणसं फळाला भोक पाडून आत ओवा आणि मीठ भरतात, वाळवतात, आणि पोट दुखलं की त्यातला ओवा चिमूटभर देतात. गर चमच्याने खाताना मी कुणाला पाहिलं नाही.

अनवाणी: खायचंच कशाला? फळं परातीत घेऊन अनवाणी तुडवायची. थोड्या वेळाने तोंड कडू होतं. माझ्या काकांनी महिनाभर केलं, खूप फरक पडला.

गवतीचहा: काकांच्या गोळ्या चालू होत्या का तेव्हा? आणि इथे प्रश्न पोटात गेलेल्या पुडीचा आहे.

अनवाणी: गोळ्या चालू होत्या. पण फरक पायांमुळेच पडला, आम्हाला दिसत होतं.

वैद्य_चिपळूण: इंद्रवारुणी, म्हणजे हेच इंद्रायण, आमच्याकडे विरेचनाचं (जुलाब घडवण्याचं), तेही तीव्र विरेचनाचं द्रव्य आहे. शुगरसाठी चमचाभर देणं शास्त्रात बसत नाही. इराणमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ५० रुग्णांवर अभ्यास झाला, त्यात मात्रा होती १०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन महिने. साखर उतरली, हे खरं. पण तुमचा एक चमचा त्याच्या कितीतरी पट आहे. जास्त झालं की आतडं सोलवटतं. इंद्रायण घेऊन रक्ताचे जुलाब झालेल्या तीन रुग्णांची नोंद १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. गरोदर बाईने तर हात लावू नये.

साबुदाणा: पोटात पीळ पडून माणूस दुमडतो, त्यावर होमिओपॅथीत कोलोसिंथिस देतात. तेच द्या, लगेच उतार पडेल.

वैद्य_चिपळूण: कोलोसिंथिस म्हणजे हेच इंद्रायण. आधी रुग्ण तपासू द्या, मग औषधाचं बोलू.

पाऊलवाट: वय ६८. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. बीपीची गोळी आहे, तिच्यात लघवी वाढवणारं औषधही आहे. चमचा चहाचा. जुलाब सात-आठ. आज सकाळी कमोडमध्ये लालसर दिसलं, पण बाबा म्हणतात बीट खाल्लं होतं.

गवतीचहा: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! ताबडतोब दवाखान्यात न्या. अंगातलं पाणी गेलं की मूत्रपिंडावर ताण येतो, त्यात मेटफॉर्मिन साचू शकतं. पोटात अन्न नाही आणि ग्लिमेपिराइड चालू, म्हणजे साखर एकदम घसरू शकते. आत्ता ग्लुकोमीटरने बघा. पुडीची डबी सोबत न्या.

मारवाडी_वारा: सहमत. तिकडे जनावरांनाही हे मोजूनच घालतात.

रानफूल: कडू दुधीचंही हेच. त्यातही कुकुर्बिटासिन हे कडू, विषारी द्रव्य असतं. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने मृत्यू झाला होता. दुधीचा तुकडा आधी चाखून बघा, कडू लागला तर टाकून द्या.

साबुदाणा: पण कारलं कडूच असतं की, ते रोज खातो.

गवतीचहा: कारल्याचं नंतर बघू. पाऊलवाट, निघालात का?

पाऊलवाट: दवाखान्यातून लिहितेय. साखर ६४ होती. सलाइन लावलंय. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट संध्याकाळी येईल. डॉक्टरांनी डबी ठेवून घेतली. ताईला फोन केला; तिच्या सासूबाईही हीच पूड घेतात, त्यांनाही आजच बंद करायला सांगितलं. बाबा आत्ता कुठे अर्धा कप पेज प्यायले.